झाशीच्या दोन राजवटी

लक्ष्मी दरवाज्यातून झाशी शहराबाहेर पडले की लक्ष्मी तलावाच्या परिसरात गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री लागते. १८५३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर लक्ष्मीबाईंनी ती बांधविली. ज्यांनी ही छत्री उभारली त्यांची स्वतःची समाधी मात्र झाशीत नाही. ती ग्वाल्हेरला फूलबागेत आहे. झाशीला येणारा प्रवासी किल्ला पाहतो, शहरातील राणीमहाल पाहतो आणि बहुधा तेवढ्यावरच परततो. छत्रीकडे जो वळतो तोही ती राणीच्या यजमानांची म्हणूनच पाहतो.

इतिहासाच्या पुस्तकांतही गंगाधररावांच्या वाट्याला साधारणपणे तीनच वाक्ये येतात: त्यांचा विवाह झाला, त्यांनी दत्तक घेतला, ते वारले. पुढील सर्व प्रकरण लक्ष्मीबाईंचे. कालगणनेच्या दृष्टीने पाहिले तर हे प्रमाण अगदी उलटे असावयास हवे. गंगाधररावांच्या हाती झाशीचा कारभार सुमारे दहा वर्षे होता. लक्ष्मीबाईंच्या हाती तो जून १८५७ पासून एप्रिल १८५८ पर्यंत, म्हणजे दहा महिनेदेखील पुरते राहिला नाही. दहा वर्षांच्या शांततेची आणि दहा महिन्यांच्या धामधुमीची तुलना करणे हा वरकरणी अन्याय वाटेल. परंतु या दोन्ही राजवटी एकाच प्रश्नाने बांधलेल्या आहेत: झाशीवर राज्य करण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणी द्यावयाचा? या प्रश्नाला पतीने एक उत्तर दिले, पत्नीने दुसरे. दुसरे उत्तर पहिल्याच्या पोटातून कसे निघाले, हे समजून घेतल्यावाचून दोघांपैकी एकाचेही योग्य मूल्यमापन होत नाही.

झाशीचा किल्ला मुळात मराठ्यांचा नव्हे. ओर्छ्याचा राजा वीरसिंहदेव बुंदेला याने तो १६१३ मध्ये बंगरा नावाच्या टेकडीवर बांधला. १७२९ मध्ये पहिले बाजीराव पेशवे छत्रसालांच्या साहाय्यास धावून गेले आणि त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालांनी आपल्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांस दिला, ही हकीकत मराठी वाचकांस सुपरिचित आहे. बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला तो तेव्हापासून. १७४२ च्या सुमारास नारो शंकर हे झाशीस सुभेदार झाले. त्यांनी किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी शहर वसविले. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळचे रत्नागिरीकडील आणि खानदेशात पारोळ्यास स्थिरावलेले नेवाळकर घराणे तेथे आले. या घराण्यातील रघुनाथ हरी हे कर्तबगार सुभेदार म्हणून नावाजले गेले. त्यांच्यानंतर त्यांचे बंधू शिवराव भाऊ यांनी कारभार पाहिला. गंगाधरराव हे या शिवरावांचे पुत्र होत.

येथे 'सुभेदार' या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. सुभेदार म्हणजे राजा नव्हे. तो पेशव्यांचा अधिकारी. नेवाळकरांची सुभेदारी वंशपरंपरेने चालत राहिल्यामुळे तिला हळूहळू राज्याचे रूप आले, आणि पेशवाई खिळखिळी झाल्यावर तर वरचा धनी नावापुरताच उरला. १८०४ मध्ये शिवराव भाऊंनी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीस सोडून दिले, तेव्हा शिवरावांचे नातू रामचंद्रराव यांच्याशी कंपनीने नवा करार केला आणि झाशीचे राज्य त्यांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले. १८३२ मध्ये रामचंद्ररावांस राजा हा किताबही मिळाला. सुभेदाराचा राजा झाला तो असा, आणि तो केला कंपनीने. हे उपकाराचे ओझे पुढे फार महाग पडणार होते.

१८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांनी दत्तक घेतल्याचे सांगण्यात आले, पण कंपनीने तो दत्तक मानला नाही व त्यांचे चुलते रघुनाथराव यांस गादी दिली. हे तिसरे रघुनाथराव खर्चिक आणि कारभारात ढिले निघाले. वसूल घटला, कर्ज वाढले. १८३८ मध्ये तेही औरस संततीवाचून वारले. मग पुन्हा तीच यातायात: गादीवर हक्क सांगणारे चौघे, आणि निर्णय कंपनीचा. चौकशीअंती गंगाधररावांचा हक्क मान्य झाला, परंतु राज्य कर्जबाजारी असल्यामुळे कारभार काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याच हाती ठेवला. गंगाधररावांस प्रत्यक्ष अधिकार मिळाले ते १८४३ च्या सुमारास, आणि तेही एका अटीवर. बुंदेलखंडात कंपनीने जी फौज उभारली होती तिच्या खर्चासाठी राज्यातील काही मुलूख त्यांस तोडून द्यावा लागला.

तेव्हा गंगाधररावांच्या राजवटीची सुरुवातच अशी होती: गादी आपली, पण ती दुसऱ्याच्या निवाड्याने मिळालेली, राज्य आपले, पण त्याचा लचका तोडून दिल्यावर परत मिळालेले. शिवाय पाठीमागे दोन निपुत्रिक राजांचे उदाहरण. असा राजा धाडसी निघेल ही अपेक्षाच चुकीची ठरेल. तो सावध निघाला, हेच स्वाभाविक होते.

या सावधपणातून जे निष्पन्न झाले ते मात्र थोडे नव्हते. कारभार मार्गी लागला आणि दरबारास पुन्हा रूप आले. झाशी हे त्या काळी व्यापाराचे भरभराटीचे शहर होते. तेथील गालिच्यांची ख्याती दूरवर होती. दक्षिणेतून काशीस जाणारे-येणारे ब्राह्मण, पुराणिक, वैद्य, गवई यांना झाशी हे आपले गाव वाटे, कारण तेथे मराठी बोलणारा दरबार होता आणि त्या दरबारास विद्येची चाड होती. गंगाधररावांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. वेद, शास्त्रे, पुराणे, वैद्यक, ज्योतिष अशा नाना विषयांच्या पोथ्या त्यांनी मिळविल्या, नकलून घेतल्या आणि जतन केल्या. त्यांना नाटकाचा विलक्षण नाद होता. वाड्यात नाटकशाळा होती, तेथे प्रयोग होत, आणि राजे स्वतःही स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर उतरत असे सांगितले जाते. मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या 'सीतास्वयंवर' या प्रयोगापासून मोजतो. नेमक्या त्याच काळात, शेकडो कोस उत्तरेस, एक मराठी राजा आपल्या वाड्यात नाटके करवीत होता. ही गोष्ट नाट्येतिहासात एखाद्या तळटीपेपेक्षा अधिक जागा मिळण्याच्या योग्यतेची आहे, असे वाटते.

याच नादावरून त्यांची निंदाही झाली. राजे बायकी आहेत, वाड्यात बांगड्या घालून बसतात, असे लोक बोलत. त्याबद्दल एक आख्यायिका आहे. एका इंग्रज अधिकाऱ्याने या वागण्याचे कारण विचारले असता, सातासमुद्रांपलीकडून येऊन तुम्ही आम्हा सर्व राजांच्या हाती बांगड्या भरल्याच आहेत, मग मी त्या उघडपणे ल्यालो तर बिघडले कोठे, अशा अर्थाचे उत्तर गंगाधररावांनी दिले म्हणतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती ज्यांनी रचली त्यांना आपल्या राजाची स्थिती नेमकी उमगली होती. दुसऱ्या बाजूने, हेच राजे कोपिष्ट होते, त्यांच्या शिक्षा कडक असत, अशाही गोष्टी प्रचलित होत्या. ज्याच्या हाती मोठ्या गोष्टींचा निर्णय नाही तो लहान गोष्टींत कठोर होतो, हा अनुभव राजवाड्यातच येतो असे नाही.

१८४२ मध्ये गंगाधररावांचा द्वितीय विवाह झाला. वधू होती मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका. मोरोपंत पूर्वी काशीस चिमाजी अप्पांच्या पदरी होते आणि नंतर ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास आले होते. झाशीच्या गणेश मंदिरात हे लग्न लागले अशी परंपरा आहे. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई झाले. १८५१ मध्ये त्यांना पुत्र झाला, पण तो अवघ्या तीन महिन्यांत दगावला. या आघाताने गंगाधररावांची प्रकृती खालावली ती पुन्हा सुधारली नाही.

आता त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचे कृत्य. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी आपल्या घराण्यातील वासुदेवराव नेवाळकर यांचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. या प्रसंगी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांस मुद्दाम बोलावून घेण्यात आले. त्यांच्या हाती राजांनी खलिता दिला: या मुलास माझा वारस मानावे, आणि राज्याचा कारभार माझ्या पत्नीच्या हाती तिच्या हयातीपर्यंत असावा. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने साक्षीदार, शास्त्रोक्त विधी आणि लेखी निवेदन या तिन्ही गोष्टींची पूर्तता केली. १८३५ मध्ये दत्तक नाकारला गेला तो या गोष्टींच्या अभावी, हे ते विसरले नव्हते. आणखी एक बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. दत्तकाचे पालकत्व एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताकडे अथवा दिवाणाकडे न सोपविता त्यांनी तरुण पत्नीकडे दिले. तिच्या योग्यतेविषयी त्यांना शंका नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

कलकत्त्यास हा खलिता पोहोचला तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी खालसा धोरणाच्या ऐन भरात होता. साताऱ्याचे राज्य त्याने १८४८ मध्ये घेतले होते आणि नागपूर त्याच सुमारास गिळंकृत होत होते. २७ फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या टिपणात त्याने झाशीचाही निकाल लावला. त्याचा युक्तिवाद असा: ओर्छ्यासारखी राज्ये प्राचीन व स्वतंत्र आहेत, त्यांना दत्तकाचा अधिकार आहे, झाशीचे राजे मुळात पेशव्यांचे सुभेदार, त्यांना राजपद दिले ते इंग्रज सरकारने, तेव्हा औरस वारस नसेल तर दिलेली वस्तू देणाऱ्याकडे परत येते. लक्ष्मीबाईंनी आपल्या खलित्यांतून यास मुद्देसूद उत्तर दिले होते. १८१७ च्या करारात 'वारस' आणि 'उत्तराधिकारी' असे दोन शब्द आहेत. दोहोंचा अर्थ एकच असता तर दोन शब्द घातले कशाला? आणि शेजारच्या दतिया व ओर्छा या राज्यांतील दत्तक मान्य होतात, मग झाशीचाच का नाही?

भाषांतराच्या व्यवसायात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना या वादाची गंमत आणि दाहकता दोन्ही जाणवतील. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक घेतलेला दत्तक हा पुत्रच होय. तो पिंड देतो, म्हणून तो वारस. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील वारस मात्र रक्ताने ठरतो. करार झाला तेव्हा दोन्ही पक्ष एकच शब्द उच्चारीत होते, परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे दोन निरनिराळे मुलगे उभे होते. एका राज्याचे भवितव्य त्या फटीत सापडले. अर्थात केवळ शब्दाच्या गफलतीमुळे झाशी गेली असे समजणे भोळेपणाचे होईल. राज्य घ्यावयाचे होते म्हणून शब्दाचा तो अर्थ निवडला गेला. स्वतः एलिसचा अभिप्राय राणीच्या बाजूचा होता, तो डावलण्यात आला.

मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. आपण झाशी देणार नाही, असे जे लक्ष्मीबाईंचे उद्गार शाळकरी मुलांनाही पाठ असतात ते या काळातील. ते उच्चारल्यावर काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्यांनी तलवार उपसली नाही. त्यांनी अर्ज केले. त्याच वर्षी जॉन लँग नावाच्या वकिलास आग्र्याहून बोलावून घेऊन सल्ला घेतला. लंडनच्या संचालक मंडळापर्यंत दाद मागितली. तीही फेटाळली गेली. त्या किल्ल्यातील वाडा सोडून शहरातील वाड्यात राहावयास आल्या. दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक प्रथम नाकारून अखेर त्यांनी पत्करली. पुढे तिच्यातूनही पतीच्या कर्जापोटी रक्कम कापली जाऊ लागली. राजांचे सैन्य बरखास्त झाले. महालक्ष्मीच्या देवस्थानाची गावे जप्त झाली आणि शहरात गोवध सुरू झाला. त्या प्रत्येक वेळी त्यांनी तक्रार केली आणि प्रत्येक वेळी ती दप्तरात पडून राहिली. तीन वर्षे लक्ष्मीबाई पतीच्याच मार्गाने चालल्या. अधिकार हा करारातून येतो, कागदाने शाबीत होतो आणि वरिष्ठ सरकारच्या मान्यतेने भोगावयाचा असतो, ही गंगाधररावांची समजूत त्यांनी शेवटपर्यंत आजमावून पाहिली.

जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीतील शिपाई उठले. ८ जून रोजी किल्ल्यात आश्रय घेतलेले इंग्रज, त्यांच्या बायकामुलांसह, बाहेर आल्यावर जोखन बागेत मारले गेले; त्यांची संख्या सुमारे साठ होती. शिपायांनी लक्ष्मीबाईंकडून पैसे उकळले आणि ते दिल्लीकडे निघून गेले. या हत्याकांडाचा ठपका इंग्रजांनी पुढे राणीवर ठेवला. त्यांच्याविरुद्ध विश्वसनीय पुरावा नाही, असे मत आता इतिहासकारांत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात सुरेंद्रनाथ सेन यांनीही याच अंगाने विवेचन केले. शिपाई जाताच लक्ष्मीबाईंनी सागर विभागाचा कमिशनर एर्स्किन यास पत्रे लिहून घडलेली हकीकत कळविली. एर्स्किनने २ जुलै रोजी उत्तर पाठविले: इंग्रज अधिकारी येईपर्यंत आपण सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार पाहावा, वसूल गोळा करावा, पोलीस ठेवावेत. म्हणजे लक्ष्मीबाईंची राजवटही प्रारंभी इंग्रजांच्या परवानगीच्या एका कागदावरच उभी होती. फरक एवढाच की या कागदामागे आता सत्ताच उरली नव्हती.

त्या दहा महिन्यांतील राजवट कशी होती? लढाईच्या वर्णनांत ती झाकली गेली आहे. सुदैवाने तिचा एक मराठी साक्षीदार आपल्याजवळ आहे. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणा मिळविण्याच्या हेतूने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीस येऊन पोहोचले. त्यांनी पाहिलेली राणी मध्यान्हीनंतर कचेरीत बसते, दिवाणी-फौजदारीचे निवाडे करते आणि कधी स्वतःच्या हाताने हुकूम लिहिते. ती कधी पुरुषवेषात असते, कधी साध्या शुभ्र लुगड्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी ती महालक्ष्मीच्या दर्शनास जाते. थंडीच्या दिवसांत गोरगरीब कुडकुडताना पाहून त्या सर्वांना टोपी, बंडी आणि घोंगडी वाटण्याची आज्ञा देते. बरवासागरकडे चोरांचा उपद्रव वाढला तेव्हा ती स्वतः तेथे जाऊन राहिली आणि त्याचा बंदोबस्त करून परतली. ही माहिती देणारे भटजी कोणाचे चरित्र लिहावयास बसले नव्हते. दक्षिणा किती मिळाली याचाही हिशेब ते तितक्याच तन्मयतेने देतात. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे.

ही राजवट नव्याने निर्माण केलेली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १८५४ मध्ये पोटावर पाय आलेले मानकरी, कारकून आणि जुने शिपाई पुन्हा बोलावले गेले. दरबाराचे रीतिरिवाज, देवस्थानांची नेमणूक, विद्वानांची संभावना, ग्रंथसंग्रह हे सर्व गंगाधररावांच्या वेळचेच होते. राज्य दामोदररावांच्या नावाने चालले होते, आणि दामोदरराव हे गंगाधररावांनीच नेमलेले वारस होते. तीन वर्षे बंद पडलेले यंत्र लक्ष्मीबाईंना काही आठवड्यांत चालू करता आले, कारण ते यंत्र मोडकळीस आलेले नव्हते, केवळ थांबविलेले होते. पतीच्या कारकिर्दीविषयी यापेक्षा चांगले प्रशस्तिपत्र शोधून सापडणार नाही.

पण गंगाधररावांवर जो प्रसंग कधी आला नाही तो त्यांच्या पत्नीवर लगोलग आला. घराण्यातीलच सदाशिवराव पारोळकर यांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस झाशीचे राजे म्हणवून घेतले. लक्ष्मीबाईंनी फौज पाठवून त्यांचा मोड केला. त्यापाठोपाठ ओर्छ्याचा दिवाण नथे खान सैन्य घेऊन झाशीवर चालून आला आणि शहरास वेढा पडला. हा प्रसंग विलक्षण म्हटला पाहिजे. ज्या ओर्छ्याचा दत्तक इंग्रजांनी मान्य केला होता तेच ओर्छे इंग्रजांचे मित्र म्हणवीत ज्या झाशीचा दत्तक अमान्य झाला तिच्यावर तुटून पडले होते! लक्ष्मीबाईंनी इंग्रजांकडे मदत मागितली. उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच सैन्य भरती केले, तोफा सज्ज केल्या आणि नथे खानास परतवून लावले.

दोन राजवटींमधील खरा सांधा येथे आहे, असे मला वाटते. लक्ष्मीबाई बंडखोर झाल्या त्या एका दिवसात नव्हे, आणि १८५४ च्या रागातूनही नव्हे. ज्या सत्तेच्या मान्यतेवर आपला अधिकार उभा आहे ती सत्ता आपले रक्षण करीत नाही, पत्राचे उत्तर देत नाही आणि वर आपल्यालाच खुनी ठरवीत आहे, हे क्रमाक्रमाने उघड होत गेले. गंगाधररावांना या कसोटीतून जावे लागले नाही, कारण त्यांच्या काळी ती मान्यता निदान शांतता तरी देत होती. त्या शांततेची किंमत त्यांनी मुलूख देऊन चुकविली. लक्ष्मीबाईंकडे किंमत घेण्यासही कोणी येत नव्हते. दुबळा पती आणि शूर पत्नी अशी जी जोडी आपण रंगवितो ती सोयीची असली तरी खरी नाही.

सर ह्यू रोज मार्च १८५८ च्या तिसऱ्या आठवड्यात झाशीपुढे येऊन ठाकला. वेढ्याचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. तो अन्यत्र विपुल उपलब्ध आहे. गुलाम गौस खानाच्या तोफा, तटावर दारूगोळा पोहोचविणाऱ्या स्त्रिया, त्यांना पाहून चकित झालेले इंग्रज अधिकारी यांची वर्णने शत्रूनेही लिहून ठेवली आहेत. तात्या टोपे मदतीस आले, पण १ एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ४ एप्रिलच्या रात्री लक्ष्मीबाई दामोदररावांना घेऊन काल्पीकडे निसटल्या. काल्पीचा पाडाव, ग्वाल्हेरवरील झडप आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोटा की सराईजवळ आलेला वीरमृत्यू ही पुढची कथा झाशीबाहेरची.

झाशीत मात्र त्यानंतर जे घडले त्याने दोन्ही राजवटींचा हिशेब एकदमच मिटविला. शहरात कत्तल आणि लूट चालली. मृतांची संख्या इंग्रजांच्या बाजूच्या अंदाजानुसारही सुमारे पाच हजार भरते. गोडसे भटजी एका घरात लपून हे सारे ऐकत-पाहत होते. त्यांनी ज्या नाशाबद्दल विशेष हळहळ व्यक्त केली आहे तो ग्रंथालयाचा होय. गंगाधररावांनी जन्मभर जमविलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी जपलेल्या पोथ्यांची धूळधाण झाली. दरबार गेला, नाटकशाळा गेली, आश्रित पांगले. कारभाराचे दप्तर, नाटकांची बाडे, पोथ्यांच्या याद्या यांच्यावरच एखाद्या शांततेच्या काळातील राजाची कीर्ती टिकून राहत असते. लढाईतील पराक्रम मात्र लोकांच्या तोंडी राहतो. त्याला कागद लागत नाही. एप्रिल १८५८ च्या त्या दिवसांनी लक्ष्मीबाईंना अमर केले आणि त्याच दिवसांनी गंगाधररावांना पुसून टाकले.

लक्ष्मीबाईंच्या वारशाची यादी करावयाची गरज नाही. १८९४ मध्ये दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद फौजेत स्त्रियांची पलटण उभारली तिला त्यांचेच नाव दिले. झाशीच्या रेल्वे स्थानकालाही २०२१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या कथेभोवती झलकारीबाईसारख्या, पूर्वी उपेक्षित राहिलेल्या स्त्रियांच्या स्मृतीही बुंदेलखंडात पुन्हा जाग्या झाल्या. विष्णुभटांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी संपादून छापला, तोही मुख्यत्वे झाशीच्या राणीमुळेच वाचला गेला. या ग्रंथात गंगाधररावांचे जे ओझरते दर्शन घडते ते आपणास लाभले आहे तेही पत्नीच्या कीर्तीच्या आधाराने.

गंगाधररावांचा म्हणून एक वारसा तरीही आहे, आणि तो छत्रीत नसून कायद्याच्या इतिहासात आहे. दत्तक नाकारून राज्ये घेण्याचे धोरण १८५७ च्या उठावास कारणीभूत झाले, हे इंग्रज सरकारने मनोमन ओळखले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यात आणखी मुलूख न घेण्याचे आश्वासन देण्यात आले, आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत लॉर्ड कॅनिंगने ठिकठिकाणच्या संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. औरस पुत्र नसल्यास शास्त्राप्रमाणे घेतलेला दत्तक सरकार मान्य करील, असे आता लेखी देण्यात आले. २० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीच्या वाड्यात एका मरणोन्मुख राजाने जे मागितले होते ते हेच. ओर्छ्यास सनद मिळाली, दतियास मिळाली. झाशी संस्थान म्हणून उरलेच नव्हते. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशीचे शहर व किल्ला शिंद्यांस देऊन टाकला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला देऊन तो परत घेतला. करारातील एका शब्दासाठी ज्या राज्याचा एवढा कीस काढला गेला, त्याची राजधानी पुढे अशी अदलाबदलीत फिरली.

आणि दामोदरराव? ग्वाल्हेरच्या लढाईनंतर ते काही विश्वासू माणसांसह रानावनात भटकले आणि १८६० मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांना इंदुरास राहण्याची परवानगी व बेताची नेमणूक मिळाली. त्यांच्या नावे सरकारी खजिन्यात ठेवलेले, गंगाधररावांच्या खाजगी मिळकतीचे सहा लाख रुपये त्यांना परत देण्यात आले नाहीत. २८ मे १९०६ रोजी इंदुरासच त्यांचे निधन झाले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावले ते 'झाशीवाले'.